केतकी आणि अधूनमधून नापास होणारी चाचणी

केतकीकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं तेव्हा ती एका मुलाच्या छातीवर बसली होती. मधली सुट्टी होती. शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे मुलांचं कोंडाळं दिसलं म्हणून मी गेले, तर सहावीतली एक काटकुळी मुलगी आठवीतल्या थोराड मुलाला खाली पाडून त्याच्या तोंडावर गुद्दे मारत होती. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. एक गुद्दा, जरा थांबून दुसरा, नेम धरून. त्याच्या नाकातलं रक्त कॉलरपर्यंत ओघळलं होतं, आणि बघणारी मुलं इतकी गप्प होती की प्रत्येक गुद्द्याचा आवाज ऐकू येत होता. मी तिला बगलेत हात घालून उचललं. अंगात वजन म्हणून काही नव्हतं.

“का मारलंस त्याला?”

“त्याने मोजले.”

“काय मोजले?”

ती मोजे वर ओढू लागली. तिच्या पोटऱ्यांवर, मोज्यांच्या वर, पट्ट्याचे वळ होते. काही लालभडक, काही जुने, पिवळे पडलेले. त्या मुलाने ते सगळ्यांसमोर बोट लावून मोठ्याने मोजून दाखवले होते.

मी दिल्लीत गणित शिकवायचे. वर्गात मराठी मुलं दोन-चारच असत, आणि ती मला मॅडम न म्हणता बाई म्हणत. केतकीचे वडील बळवंतराव केंद्र सरकारच्या एका खात्यात होते, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत. गणेशोत्सवात पंगतीत वाढायला तेच पुढे असायचे. “बाई, संकोच करू नका, अजून एक पोळी घ्या,” असं इतक्या मायेने म्हणायचे की नाही म्हणवत नसे. त्यांच्या घरी मी गेले तेव्हाही त्यांनी तसाच आग्रह केला. “मुलगी हट्टी आहे हो. वळण लावावं लागतं.” केतकीची आई, सुमित्राबाई, चहा घेऊन आल्या. त्यांच्या एका हातात बांगड्या होत्या आणि दुसऱ्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. मुख्याध्यापिकांनी बळवंतरावांना शाळेत बोलावून समज दिली. हात जोडून ऐकून घेतलं त्यांनी, आणि मग ते पोटऱ्यांऐवजी पाठीवर मारू लागले.

केतकी दहावीत असताना हे संपलं. बळवंतरावांनी सुमित्राबाईंवर पट्टा उगारला, तो केतकीने हवेत धरला, मुठीभोवती गुंडाळला आणि हिसकून घेतला. मग बक्कल असलेलं टोक त्यांच्या तोंडावर मारलं. भुवई फाटली, टाके पडले. ऑफिसात त्यांनी स्कूटरवरून पडलो म्हणून सांगितलं. त्यानंतर त्या घरात पट्टा फक्त पँटला लागला.

मारकुटी मुलं मी पुष्कळ पाहिली. त्यांतली बहुतेक आळशी होती. केतकी तशी नव्हती. उदाहरण चुकलं की ती खोडरबर घेत नसे. चूक कुठल्या पायरीवर शिरली तिथपर्यंत ती उलट चालत जायची आणि ती सापडली की पेन्सिलीने तिच्याभोवती इतक्या जोरात गोल काढायची की कागद फाटायचा.

पुढे मी निवृत्त होऊन फरीदाबादला आले. केतकी इंजिनियर झाली, इथल्याच एका कंपनीत लागली, आणि आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आली. त्यांची कंपनी जुन्या पॉवर प्रेसना बसवायचे कंट्रोलर बनवायची. पॉवर प्रेस म्हणजे पत्रा एका दणक्यात दाबून आकार देणारं यंत्र. समोरच्या दोन खांबांमधून न दिसणारे किरण जातात, कामगाराचा हात त्यांच्या आत गेला की कंट्रोलरने प्रेस तिथल्या तिथे थांबवायची.

“आणि तू काय करतेस?” मी विचारलं होतं.

“आमचा एक सर्व्हर आहे, बाई. कुणी प्रोग्रामची एक ओळ जरी बदलली तरी तो आपणहून सगळ्या चाचण्या घेतो. सगळ्या पास, तर पडद्यावर हिरवं. एक जरी नापास, तर लाल. लाल असेल तर प्रोग्राम गिऱ्हाइकाकडे जात नाही. लाल का झालं ते मी शोधते.”

“म्हणजे पेपर तपासणाऱ्याला तपासतेस.”

“बिल्कुल.”

त्या चाचण्यांमध्ये एक होती, हात आत गेला तर प्रेस थांबते का हे बघणारी. ती अधूनमधून नापास व्हायची. पुन्हा चालवली की पास. टीमचा प्रमुख अंकुर, दिल्लीच्याच आर. के. पुरममध्ये वाढलेला मराठी मुलगा, याला नखरे म्हणायचा. “अगं यार केतकी, रीरन मार ना. सर्व्हरवर लोड असतो, कधीकधी उत्तर लेट येतं. नॉर्मल आहे.” सगळे रीरन मारायचे. पुढे त्या बटणाचाही कंटाळा आला, तेव्हा नियमच करून टाकला की नापास झालेली चाचणी सर्व्हरने आपणच पुन्हा घ्यायची, आणि एकदा जरी पास झाली तरी हिरवं दाखवायचं. तो नियम केतकीनेच लिहिला.

“माझ्या शाळेत असं असतं तर कुणी नापासच झालं नसतं,” मी म्हणाले.

“तेच तर, बाई. आमच्याकडे कुणीच होत नाही,” ती हसून म्हणाली.

गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या करणारा एक कारखाना त्यांचं गिऱ्हाईक होता. पत्र्याची मोठी शेड, आत प्रेसची रांग. तिथे हरकेश नावाच्या कामगाराच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. कारखान्याच्या कॅमेऱ्यातलं चित्रण कंपनीत आलं, ते केतकीने पाहिलं. पत्रा तिरका बसला म्हणून हरकेशने हात आत घातला. प्रेस खाली आली, वर गेली. तो ओरडलाही नाही, हाताकडे बघत उभा राहिला. मग डाव्या हाताने त्याने खालच्या डब्यातल्या बिजागऱ्या बाजूला सारल्या आणि आपली बोटं वेचायला लागला. हे सांगताना केतकीने मला एकदा थांबून विचारलं, “बाई, ऐकवत नसेल तर सांगा.” मी म्हणाले, सांग.

कारखान्याच्या मालकाचं म्हणणं होतं की हरकेशने काम भराभर उरकायला खांबावरच्या सेन्सरवर चकचकीत टेप चिकटवून त्याला फसवलं होतं, म्हणजे हात आत गेला तरी प्रेस थांबत नाही. काही कामगार तसं करतात, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. चौकशी बसली. हरकेशचा दोष ठरला तर त्याची नोकरी जाणार होती, आणि बाकीच्या प्रेस होत्या तशाच चालू राहणार होत्या. केतकीच्या कंपनीनेही लेखी कळवलं की चूक ऑपरेटरची.

त्या प्रेसवरचा कंट्रोलर काढून आणायचा होता. अंकुर म्हणाला, “तू जा. लेडीजला कुणी हात नाही लावत.”

गेटवर कामगार जमले होते. तिच्या गळ्यातलं कंपनीचं कार्ड दिसलं मात्र, हरकेशच्या धाकट्या भावाने हातातला पाइप फिरवला. तो डाव्या कानाजवळ बसला. ती पडली, कुणीतरी बरगडीत लाथ घातली, आणखी एकाने केस धरून ओढलं. तिने समोर दिसलेला पाय मिठीत धरला आणि पोटरीचा चावा घेतला, तोंडात रक्त येईपर्यंत. तो हरकेशच्या भावाचाच पाय होता. तो कोसळला, ती त्याच्या छातीवर चढली, मूठ उगारली. तर तो रडत होता.

“भाई का हाथ दे दो,” एवढंच म्हणत होता. “मैडम, भाई का हाथ दे दो.”

तिने मूठ खाली घेतली. मग आत जाऊन, कानातून रक्त गळत असताना, एकेक स्क्रू काढून कंट्रोलर सोडवला. तिथून ती कामगारांच्या हॉस्पिटलात गेली. कानाचा पडदा फाटला होता. पट्टी बांधून झाल्यावर ती वरच्या मजल्यावर हरकेशला भेटायला गेली. त्याचा हात बँडेजमध्ये एवढा मोठा गोळा झाला होता.

“टेप नहीं थी, मैडम,” तो म्हणाला. “हाथ अंदर गया और वो रुकी नहीं. अब कहते हैं मैंने खुद काटा. अपना हाथ कोई खुद काटता है?”

दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. कुर्त्यावरचं रक्त वाळून काळं पडलं होतं. मी पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही.

“बाई, ती चाचणी खरं बोलत होती. मीच तिला पुन्हा पुन्हा विचारत राहिले, हवं ते उत्तर येईपर्यंत.”

पुढचे काही दिवस तिने आजारपणाची रजा टाकली आणि लॅपटॉप घेऊन माझ्या जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं. पहिल्यांदा आपणच लिहिलेला तो नियम काढून टाकला. मग ती एकच चाचणी सर्व्हरवर एकटी चालवली, शेकडो वेळा. दर वेळी हिरवं. बाकीच्या चाचण्यांबरोबर चालवली की मधूनच लाल.

“म्हणजे अंकुर म्हणतो तेच ना? सर्व्हरवर भार?” मी विचारलं.

“बघू या की.” तिने सर्व्हरला मुद्दाम भलत्या कामांना जुंपलं, इतकं की तो साधं उत्तर द्यायलाही धापा टाकायला लागला. “मर आता, मर,” ती दात खाऊन त्याला म्हणत होती. आणि त्या अवस्थेत ती एकच चाचणी दिली. हिरवं. हिरवं. पुन्हा हिरवं.

त्यावर तिने माझ्या दारावर असा ठोसा मारला की चौकटीचं प्लास्टर निघून आलं आणि बोटांची सालं गेली. मी हळद लावली. ती हात माझ्याकडे सोपवून पडद्याकडेच बघत होती.

“भार नाही,” ती म्हणाली. “मग तिच्याबरोबर कोण असतं ते बघायला पाहिजे.”

सर्व्हर दर वेळी चाचण्यांचा क्रम पिसून घ्यायचा. मागे जेवढ्या वेळा ही नापास झाली होती त्या प्रत्येक वेळी आधी कुठली चाचणी चालली हे ती उलट बघत गेली. ती एकच निघाली. दर तासाला किती माल झाला तो आकडा मालकाच्या मोबाइलवर पाठवायची चाचणी. मग केतकीने प्रोग्राम उघडला. कंट्रोलरने बाहेर हुकूम पाठवायची वाट एकच ठेवली होती. आकडा निघाला की तो पोचल्याचं उत्तर येईपर्यंत ती वाट बंद. तेवढ्यात हात आत गेला, तर ‘थांब’ हा हुकूम मागे रांगेत उभा. नेटवर्क चांगलं असेल तर थांबणं पापणी लवण्याएवढं. पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्क कधी चांगलं असतं? सर्व्हरवरच्या लुटुपुटीच्या नेटवर्कला आळीपाळीने बरं आणि वाईट वागायला लावलेलं होतं, म्हणून चाचणी कधी पास व्हायची, कधी नापास.

“किती वाजता गेली त्याची बोटं?” मी विचारलं.

“तास भरताना, बाई. बरोब्बर तास भरताना.”

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन अंकुरकडे गेली. काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं, आणि पोलिसांच्या कागदातही जवळपास तेच आहे.

“शाबास,” अंकुर म्हणाला. “सोमवारच्या व्हर्जनमध्ये चुपचाप टाकून देऊ.”

“चौकशी त्याआधी आहे. हरकेशचं काय?”

“त्याला काही ना काही मिळेल, यार. आपण लिहून दिलंय ना, चूक ऑपरेटरची. आता उलटं लिहायचं? पूरी कंपनी डूबेगी. तुझी पण नोकरी.”

“नियम मी लिहिला होता. तेही सांगते.”

“लॅपटॉप दे.”

त्याने तिचं मनगट पिरगाळलं. तिने दुसऱ्या हाताने टेबलावरची स्टीलची बाटली उचलली आणि त्याच्या नाकावर मारली. हाड मोडलं. त्याने रक्ताने भरलेल्या हाताने तिच्या पट्टी बांधलेल्या कानावर थप्पड मारली, तेव्हा तिने आणखी एकदा मारली. चौघांनी मिळून तिला ओढलं. संध्याकाळपर्यंत नोकरी गेली, लॅपटॉप गेला, काढून आणलेला कंट्रोलर कंपनीने कुलपात ठेवला, सर्व्हरचं दार तिला बंद झालं आणि तिच्यावर मारहाणीची तक्रार दाखल झाली. ज्यात सगळं दिसत होतं ते आता तिच्या हातात नव्हतं. आणि ज्या मुलीने साहेबाचं नाक फोडलं तिच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?

मी तिला रागावले. “बाटली मारायची काय गरज होती?”

“नव्हती,” ती म्हणाली. मग कानावरची पट्टी नीट बसवत म्हणाली, “बाकीच्या प्रेसवर तोच कंट्रोलर आहे, बाई. त्या तर माझ्याकडून कुणी काढून घेतल्या नाहीत.”

चौकशीच्या दिवशी सकाळी तिने मला कणीक भिजवायला सांगितली. “घट्ट. पुरीला भिजवता तशी.” हिवाळा होता, घरात हलव्यासाठी आणलेली लाल गाजरं होती. तिने कामगार घालतात तसल्या सुती हातमोज्याच्या प्रत्येक बोटात एकेक गाजर घातलं, भोवती कणीक ठासून भरली आणि मनगटाशी सुतळीने झाडूच्या दांड्याला आवळला. ओट्यावरून उचलून मी तो फडक्यात गुंडाळला. मग मी तिच्याबरोबर गेले. चष्मा लावलेल्या म्हाताऱ्या बाईला गेटवर कुणी अडवत नाही.

गेटवर हरकेशचा भाऊ होता. त्याने तिच्या कानाकडे पाहिलं, मान खाली घातली, आणि पुढे होऊन वाट करून दिली. आत श्रमखात्याचे इन्स्पेक्टर होते, मालक होता, सुपरवायझर होता, आणि एका स्टुलावर हरकेश बसला होता, बँडेजचा हात मांडीवर घेऊन. केतकीने इन्स्पेक्टरना थोडक्यात सांगितलं. मालक नको म्हणत होता, पण कामगारांनी काम थांबवून कडं केलं. इन्स्पेक्टर म्हणाले, “करके दिखाओ.”

एका कामगाराने दूर उभं राहून रांगेतली एक प्रेस चालू केली. केतकीने दांडा पुढे केला, हातमोजा किरणांत गेला. प्रेस अर्ध्यात थबकली.

“देखा?” मालक म्हणाला.

“मैडम, सब्ज़ी घर ले जाओ, पका लो,” सुपरवायझर म्हणाला. दोन-तीन जण हसलेही.

“अपना मोबाइल इनके हाथ में दीजिए,” केतकी मालकाला म्हणाली. त्याने कुरकुरत फोन इन्स्पेक्टरांच्या हातात ठेवला. ती घड्याळाकडे बघत उभी राहिली. तास भरला. तिने मान हलवली, प्रेस सुरू झाली, आणि तिने दांडा पुन्हा पुढे केला.

प्रेस थांबली नाही. सगळी शेड हादरली. हातमोजा पापडासारखा झाला, दांडा तिच्या हातून उडाला, आणि गाजरांचा लाल चोथा इन्स्पेक्टरांच्या पांढऱ्या शर्टावर उडाला. प्रेस परत वर गेली. त्यानंतर त्यांच्या हातातला फोन टिंग करून वाजला. माल किती झाला ते आलं होतं.

हरकेश स्टुलावरून खाली जमिनीवर बसला. “देख लिया?” तो कुणाला म्हणाला कळलं नाही. “सबने देख लिया?”

मग दंगा झाला. सुपरवायझरला कामगारांनी भिंतीशी दाबून तुडवलं. केबिनच्या काचा फुटल्या. हरकेशचा भाऊ पाइप घेऊन मालकावर धावला. मालकाने दोन्ही हात डोक्यावर धरले होते. केतकी मध्ये शिरली आणि तिने पाइप त्याच्या हातातून हिसकला.

“इधर नहीं,” ती ओरडली.

आणि ती प्रेसच्या रांगेकडे वळली. पहिल्या प्रेसवरचा कंट्रोलर तिने एका घावात फोडला. मग दुसरा, मग तिसरा. एक घाव, जरा थांबून पुढचा. प्लास्टिकचे तुकडे उडून तिच्या गालात घुसत होते. इन्स्पेक्टर “अरे, सबूत है, सबूत!” म्हणून ओरडले आणि हातमोजा चिरडलेल्या प्रेसवरचा कंट्रोलर उपटून, पोटाशी धरून, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. बाकीचा एकही तिने शिल्लक ठेवला नाही. पोलिस आले तेव्हा ती पाइप खाली ठेवून हरकेशजवळ बसली होती.

त्या शेडमध्ये आता किरणांची तार सरळ प्रेसच्या ब्रेकला जोडली आहे, मध्ये कुठलाही प्रोग्राम नाही. केतकीच्या जुन्या कंपनीला इतर कारखान्यांतले कंट्रोलरही परत घ्यावे लागले. चौकशीत हरकेशचा दोष नाही असं ठरलं. तो त्याच कारखान्यात स्टोअरला आहे आणि डाव्या हाताने सही करायला शिकला आहे. अंकुरचं नाक जरा वाकडं जुळलं, असं ऐकलं.

केतकीवर दोन खटले आहेत, एक अंकुरला मारल्याचा, एक कंट्रोलर फोडल्याचा. दोन्हींत ‘मी केलं नाही’ असं सांगायला तिने नकार दिला, त्यामुळे तिचा वकील वैतागलेला असतो. सध्या ती जवळच बल्लभगडला लिफ्टचे कंट्रोलर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत चाचण्या तपासते आणि तारखेच्या दिवशी बिनपगारी रजा घेते.